रविवारच्या किल्ल्या

शेवटच्या शनिवारी तातयनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भात नेहमीसारखाच जास्त लावला होता. जेवायला कुणी ना कुणी येतंच, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी तर त्यांनी स्वतःच सगळ्यांना बोलावलं होतं. ते ज्या शुश्रूषागृहात नर्स होते ते डॅलसच्या कुठल्याशा मालकाने विकत घेतलं होतं आणि जुन्या नर्सेसच्या हातात नवे करार ठेवले होते. महिनाअखेरीपर्यंत सह्या करून द्या, नाहीतर जागा रिकामी धरू, असं सांगितलं होतं. माझं ऑफिस गावातल्या औषधाच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. माझं काम नोकरीचे करार लिहिण्याचं. गावातल्या, फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोकडून आलेल्या सगळ्या नर्सेसचे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येत, पण आधी ते तातयच्या जेवणाच्या टेबलावर येत.

तिया ऑरिंग आली ती तळलेल्या सुकट मासळीचा डबा घेऊन. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तिया म्हणतात, पुरुषाला तियो. ती आणि तातय एकाच वर्षी टेक्ससला आले होते. जोविलिन सगळ्यांत लहान, दोन वर्षांपूर्वी आलेली. मुलगी अजून तिकडे आजीपाशी.

"मी पेन आणलंय," जोविलिन बसता बसता म्हणाली.

"पेन ठेव पर्समध्ये," तातय म्हणाले. "आधी वाचायचं."

"आधी जेवायचं," तिया ऑरिंग म्हणाली. "उपाशी पोटी इंग्रजी चढतं मला. वकीलबाई, बस ग. किती वाळलीस. लग्न नाही ते नाही, निदान जेव तरी."

जेवण झाल्यावर मी एकेक कलम वाचून सोपं करून सांगू लागले. या राज्यात मालक कारण न देता काढू शकतो आणि नर्सही कारण न देता सोडू शकते, हे सांगितलं तेव्हा तिया ऑरिंग म्हणाली, "माझा नवऱ्याशी असाच करार होता. त्यानं आधी वापरला, एवढंच."

ड्यूटी संपल्यावर सक्तीनं थांबवता येतं का, असं जोविलिनने विचारलं.

"हॉस्पिटलात नाही," मी म्हटलं. "तसा कायदा आहे. पण त्यात हॉस्पिटल असा शब्द आहे. आणि तुमचं हॉस्पिटल नाही."

"म्हणजे म्हाताऱ्यांना हॉस्पिटलातून आमच्याकडे आणतात ना," तातय म्हणाले, "तेव्हा कायदा वाटेतच गाडीतून उतरतो."

मग किल्ल्यांचं कलम आलं. झोपेच्या आणि तीव्र वेदनेवरच्या गोळ्या कुलपात असतात. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स आणि येणारी नर्स, दोघी मिळून त्या मोजतात. आकडा जुळला की किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात. टेबलावर ठेवून जायच्या नाहीत, मदतनीस मुलीजवळ द्यायच्या नाहीत. किल्ल्या घेणारीनं म्हणायचं, "आलं माझ्याकडे. जा तू." हे शब्द कुठल्या पुस्तकात नाहीत. पण आमच्या माणसांत ते म्हटल्याशिवाय कुणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तसं गेलं तर रुग्ण टाकून गेलं असं होतं, आणि मग लायसन्स जातं. निदान सगळे तसं मानतात.

मी वाचलं: "ड्यूटीवरील नर्स आजारी पडल्यास तिने किल्ल्या त्या वेळच्या सुपरवायझरकडे मोजून सोपवाव्यात, आणि मगच जागा सोडावी."

तातयना हसू फुटलं. आधी बारीक, मग डोळ्यांत पाणी येईतो.

"जोविलिन, रविवारी सुपरवायझर कोण?"

"तुम्हीच, तियो."

"आणि लायसन्सवाली नर्स?"

"तीही तुम्हीच."

ते उठले. खिळ्यावरचा घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून डाव्या हातातून उजव्या हातात दिला आणि स्वतःलाच नावानं हाक मारून म्हणाले, "घ्या तासियोसाहेब, माझ्या पोटात दुखतंय." मग आवाज जाड करून, "आलं माझ्याकडे. जा तुम्ही." मग पुन्हा बारीक आवाजात, "कसा जाऊ साहेब? ड्यूटीवर मीच आहे!"

तिया ऑरिंगला ठसका लागला. जोविलिनने तिला पाणी दिलं. मीसुद्धा हसले.

त्या गेल्यावर तातयनी मला टेबलावरून उठू दिलं नाही. "भांडी मी घासतो. तू ते कलम नीट लिही." मी लिहिलं. एकट्या नर्सला बरं वाटेनासं झालं, तर निरोप मिळताच संस्थेने तासाभरात दुसरी लायसन्सवाली नर्स पाठवावी. तोवर रुग्णांची आणि कुलपाची जबाबदारी संस्थेची. नर्सने उपचारासाठी ताबडतोब जागा सोडली तर तो कर्तव्यात कसूर समजला जाणार नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी नळ बंद करून ऐकलं.

"हे एवढं मिळव, इंदाय," ते म्हणाले. इंदाय म्हणजे आमच्याकडे लाडकी पोर. मी पंचेचाळिशीच्या पुढे गेले तरी माझं तेच नाव होतं. "पगाराचं राहू दे. सुट्ट्यांचं राहू दे. हे एक मिळालं तर बाकी काही नाही मिळालं तरी चालेल."

"सोमवारी पाठवते."

निघताना त्यांनी उरलेला भात आणि मासळी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. त्यांनी डबा गाडीच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला, लहान मुलाला बांधतात तसा. तो सगळा दिवस असा होता. त्यात काहीही विशेष नव्हतं.

रविवारचं मला डोलोरेसने सांगितलं. डोलोरेस तिथे मदतनीस आहे. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊमाखू घालणं हे तिचं काम. जेवणं आटोपल्यावर तातय तिला म्हणाले, छातीत जळजळतंय, कालची मासळी. मग ते जरा बसले. तातय ड्यूटीवर कधी बसत नसत. तिने अँब्युलन्स बोलवू का विचारलं. ते म्हणाले, "आणि चोवीस म्हाताऱ्यांना कोण बघणार? तू? किल्ल्या तुझ्याकडे देता येत नाहीत, पोरी." त्यांनी डायरेक्टरांना फोन केला. डायरेक्टर म्हणाले, कुणाला तरी पाठवतो, तोवर धरून राहा. कुणीतरी म्हणजे जोविलिन. तिची सुट्टी होती आणि ती दुसऱ्या गावी चर्चला गेली होती.

डोलोरेसने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "जोविलिन आली की जातो." घाम आला होता. तरी पलीकडच्या खोलीतल्या बाईंची दुपारची गोळी त्यांनी स्वतः उठून दिली आणि परत येऊन खुर्चीत बसले. काही वेळाने डोलोरेसने न विचारता अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स आली, जोविलिनही पाठोपाठ आली. दोन्ही उशिरा आल्या.

ते हृदयाचं आहे हे त्यांना कळलं नसेल, असं लोक माझ्या समाधानासाठी म्हणतात. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या छातीतली कळ चेहऱ्यावरून ओळखली होती. त्यांना कळलं होतं.

माती झाल्यावर माझा ऑफिसातला सहकारी म्हणाला, दावा लाव. मी म्हटलं, आधी करार. आमच्या टेबलावर तीच एक गोष्ट अर्धवट राहिली होती. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते कलम पाठवलं. शनिवारी लिहिलं होतं तसंच, एक शब्दही न बदलता.

मालकाच्या बाजूची वकील माझ्याच वयाची होती. तिने फोन केला. वडिलांबद्दल फार चांगलं बोलली आणि ते खोटं नव्हतं. मग म्हणाली, "आम्ही पूर्ण विचार केला. हे वाक्य आता घातलं, तर आधी ते असायला हवं होतं असं आम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

"असायला हवंच होतं."

"शिवाय रविवारी दुसरी नर्स राखून ठेवावी लागेल. ते मालकांना परवडणार नाही. आणि खरं सांगू? मूळ कलमात दोष नाही. नर्सने सुपरवायझरकडे सोपवावं, असं आहे. सुपरवायझर नेमलेला होता. हजर होता."

मी कायद्याची पुस्तकं पुन्हा काढली. राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या कचेरीत फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, करारात काय असावं हे आम्ही सांगत नाही, आम्ही लायसन्सचं बघतो. मी विचारलं, जीव जाईल म्हणून किल्ल्या टाकून गेलं तर लायसन्स जाईल का? त्या म्हणाल्या, प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. मीही माझ्या अशिलांना हेच वाक्य सांगते. जुनं कलम मी इतक्यांदा वाचलं की ते मला पाठ झालं. सुबक होतं. प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. दुसऱ्या कुणी तपासायला दिलं असतं, तर मीही त्याखाली खूण करून पुढे गेले असते.

त्यांनी एक बदल मात्र दिला. 'सुपरवायझर' या शब्दापुढे 'अथवा त्याने नेमलेली लायसन्सधारक व्यक्ती' एवढे शब्द घातले. रविवारी त्या इमारतीत तशी दुसरी व्यक्ती नसते हे त्यांना ठाऊक होतं. मी ते शब्द कापले नाहीत. कापून काय करणार होते?

आमच्यात मेलेला माणूस चाळिसाव्या दिवसापर्यंत घरातच वावरतो. त्या दिवशी प्रार्थना करून, जेवू घालून त्याला निरोप द्यायचा. तातयचा चाळिसावा सगळ्यांना जमावं म्हणून आम्ही लगतच्या रविवारी धरला, आणि सह्यांची वाढवून दिलेली मुदत दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, संपत होती. त्यामुळे प्रार्थना आणि करार एकाच टेबलावर झाले. तिया ऑरिंगने सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. तिने भात लावला तो बेताचा. सगळ्यांनी पातेल्यात पाहिलं. त्यांच्या जागी त्यांचं ताट वाढलं. जपमाळ झाली. जोविलिन ड्यूटीच्याच कपड्यांत आली होती, दुपारी तिला जायचं होतं. रविवार आता तिचा होता.

ताटं उचलल्यावर मी कागद काढले.

"सह्या करू नका, असा माझा सल्ला आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर त्यांना बोलावं लागेल. एवढ्या नर्सेस त्यांना एकदम कुठे मिळणार?"

"मिळतील," तिया ऑरिंग म्हणाली. "आपण नव्हतो का मिळालो?"

"तिया, हे त्यांचं शेवटचं मागणं होतं."

"मला सांगतेस? त्याच्या मागण्या मला नव्या आहेत?" ती चिडली होती. मग आवाज खाली आला. "बाळ, तो असता तर शिव्या घालत सही केली असती. रविवारी कामावरही गेला असता. तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आता माझ्या गुडघ्यांना दुसरीकडे कोण घेणार? आणि हिची पोर तिकडे विमानाची वाट बघतेय. ही नाही म्हणणार?"

जोविलिन खाली पाहत होती. तिने पर्समधून पेन काढलं. मग कलमावर बोट ठेवून, मला नेहमी म्हणे तसं मानांग, म्हणजे ताई, म्हणत विचारलं, "मानांग मिरा, हे एवढं फक्त सांगा. रविवारी मी आजारी पडले तर किल्ल्या कुणाला द्यायच्या?"

त्या टेबलावर मी नेहमी कलमं सोपी करून सांगत आले होते.

"तुलाच," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. जोविलिनने मान हलवली, समजलं अशा अर्थाने, आणि सही केली. अक्षर शाळेतल्यासारखं गोल. तिया ऑरिंगने चष्मा न लावताच केली. बाकीच्यांनीही केल्या. मी साक्षीदार म्हणून खाली नाव लिहिलं. कलम मी मिळवलं नव्हतंच, आता ते नसल्याची साक्षीदारही मीच झाले.

जाताना जोविलिन दारात घुटमळली. "मानांग, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"त्या दिवशी किल्ल्या मी काढून घेतल्या. त्यांच्या हातातून. मूठ घट्ट होती. अँब्युलन्सवाल्यांना म्हटलं, थांबा, आधी किल्ल्या. ते माझ्याकडे वेडीसारखं बघायला लागले." तिने नाक पुसलं. "मग मी गोळ्या मोजल्या. एकटीनंच. आकडा बरोबर होता. पण ते... ते म्हणायचं राहिलं. आलं माझ्याकडे, असं. कुणाला म्हणणार? रोज वाटतं, ते अजून तिथंच बसलेत, कुणी जा म्हणण्याची वाट बघत."

"तुला उशीर होईल," मी म्हटलं. ती गेली.

मी तातयचं ताट उचलायला आत आले. ताटातल्या भातावर साय धरल्यासारखा थर आला होता. खिळ्यावर घराच्या किल्ल्या होत्या.

ते वाक्य माझ्या कानांवर अगदी लहानपणापासून होतं. आई दिवसाची नर्स, तातय रात्रीचे. ड्यूटी बदलताना दोघं हॉस्पिटलच्या गाड्यांच्या आवारात भेटत. मी मागच्या सीटवर असे, कधी झोपेच्या कपड्यांत, कधी दप्तर मांडीवर घेऊन. तिची गाडी, त्यांची गाडी, दोन्हींची इंजिनं चालू. एकजण मला उचलून दुसऱ्याच्या गाडीत ठेवी. ताप आला होता का, जेवली का, गृहपाठ झाला का, सगळं भराभर सांगून होई. मग दुसरा म्हणे, "आलं माझ्याकडे. जा तू." आणि पहिला जाई. लोकांना त्यात विश्वास ऐकू येतो. मला एवढंच कळे की हे शब्द उच्चारले की दोघांपैकी एक नाहीसा होतो. मी कान झाकून घेत असे.

पुढे आई आजारी पडली तेव्हा तातय आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसत असू. मी आत आले की ते सगळं सांगत. किती प्यायली, कुठल्या कुशीवर आहे. आणि मग उठायचं सोडून तसेच बसून राहत, माझ्याकडे बघत. मला कळत होतं ते कशाची वाट बघताहेत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवी, चहाचं विचारी, खिडकी उघडी. तेवढं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघत नसे. आयुष्यभर मी शब्दांवर पोट भरलं. शेकडो लोकांसाठी सुटकेची वाक्यं लिहिली. हे तीन-चार साधे शब्द मी कुणालाच म्हटले नाहीत. शेवटी तेच हसून म्हणत, "बरं, जातो मी," आणि जात.

आता ते वाक्य त्यांनाही कुणी म्हटलं नव्हतं. ना डायरेक्टरने, ना जोविलिनने, ना कराराने. पुढच्या रविवारीही कुणाला कुणी म्हणणार नव्हतं.

मी खिळ्यावरचा जुडगा काढला. खालच्या दाराची, मागच्या दाराची, त्यांच्या जुन्या गाडीची, आणि एक कशाची ते मला माहीत नव्हतं. सह्या झालेले करार टेबलावर तसेच पडले होते, उद्या मलाच ते पोचवायचे होते. बाहेर ऊन कलतं झालं होतं. शुश्रूषागृहात आता मोजणी चालली असेल, आणि मग सकाळची नर्स निघून जाईल, आणि जोविलिन एकटी राहील. माझ्या हातात त्यांच्यासाठी काहीही आलेलं नव्हतं. तरी ते कधीपासून खुर्चीत बसून राहिले होते, आणि दिवस संपत आला होता.

मी त्यांच्या ताटासमोर उभी राहिले आणि रिकाम्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आलं माझ्याकडे, तातय. जा तुम्ही."